आंटी, येळवणी ओतू नका!

गावी आल्यापासनं रोज कोण ना कोण येतंय अन् विचारतंय, वैशाली, काय काय बघितलंस सांग की. उंच इमारती बघितल्या का, समुद्र बघितला का, ते पाणी ओकणारं सिंहाचं तोंड बघितलं का. बघितलं. फोटो बी काढलाय. पण मला खरं विचाराल तर मी तांबड्या चवळीचीच गोष्ट सांगणार. माझी नववी झालीय, दहावीला गणित अन् इंग्रजी राहिलं, मग लग्नच झालं. त्यामुळं लिहिताना कुठं इकडचं तिकडं झालं तर समजून घ्या. जसं बोलते तसंच लिहिते.

आमचं गाव मोहोळच्या पुढं. आमचे हे, मिलिंद, माझ्या सख्ख्या आत्याचा मुलगा, म्हणजे सासू माझी आत्याच. तिचा हट्ट होता, भावाचीच पोरगी करायची. हे शिकून इंजिनिअर झाले, लग्न झालं, अन् यशू पोटात असताना कंपनीनं ह्यांना सिंगापूरला धाडलं. यशू म्हणजे यशोधरा, आमची लेक, तीन वर्षांची. तिनं बाप बघितला तो फोनवरच. मधनं एकदा हे येऊन गेले, पण तेव्हा ती पाळण्यातली. मग दोन हजार सोळाच्या उन्हाळ्यात ह्यांनी आम्हा दोघींना तिकडं बोलावून घेतलं.

विमानाचं काय सांगू. मी सगळा वेळ डोळे मिटून यशूला छातीशी धरून बसले होते. उतरले तर जमिनीवर गालिचा! एवढ्या मोठ्या विमानतळावर, जिकडं जाल तिकडं गालिचा. मला वाटलं चप्पल काढायची असती का काय. एका पायातली काढली बी, मग पुढच्या बाईकडं बघितलं अन् गपचूप परत घातली.

बाहेर हे उभे होते. मला रडूच आलं. ह्यांनी खाली बसून हात पुढं केले.

"यशू, ये पप्पाकडं."

यशू माझ्या ओढणीमागं गेली अन् म्हणती कशी, "पप्पा फोनमधी आहेत."

हे हसले. पण टॅक्सीत बसल्यावर मी बघितलं, सगळा रस्ता हे खिडकीकडं तोंड करून बसले होते.

पुंगोल, चौदावा मजला

फ्लॅट पुंगोलला होता. आजूबाजूला सगळ्या तसल्याच इमारती, नव्या कोऱ्या, अन् मधनं एक पाण्याचा पाट, कडेनं झाडं, सायकलवाली पोरं. आपल्या कॅनॉलसारखाच, पण त्यात कुणी म्हैस धूत नाही का गोधडी. सगळं एवढं स्वच्छ की मला वाटायचं आपण झोपल्यावर कोणतरी सगळं गाव ओल्या फडक्यानं पुसून जातंय. बघतच राहावं. पण वरनंच. खाली जायचं म्हटलं की भीतीच भीती.

लिफ्टची भीती, की मी आत अन् यशू बाहेर असताना दार मिटलं तर. घराच्या दाराची भीती, ते आपोआप लागायचं. खिडकीची भीती, यशू चढली तर. अन् कोण भेटलं आणि बोललं तर काय बोलू, ह्याची सगळ्यात जास्त. एकदा शेजारची बाई दारात हसून काहीतरी म्हणाली. मी "थँक्यू" म्हणाले अन् दार लावून घेतलं. तिनं काय विचारलं होतं कुणास ठाऊक.

हे सकाळी ऑफिसला जायचे, वन-नॉर्थला, आधी छोटी गाडी, तिला एलआरटी म्हणतात, मग मोठी एमआरटी. ते येईस्तोवर आम्ही दोघी चौदाव्या मजल्यावर. यशूचं दिवसभर एकच, "मम्मी, आजीकडं जायचं." अन् हे आले की ती सोफ्यामागं. ह्यांनी बाहुली आणली, चॉकलेट आणलं. ती घ्यायची, पण माझ्या हातनं. ह्यांच्या हातनं काय घ्यायची नाही.

एक दिवस जेवताना ह्यांनी विचारलं, "आज उतरली होतीस का खाली?"

"उद्या जाते."

"रोज उद्याच असतंय तुझं." मग नुसता भात कालवत राहिले. "वैशाली, रागानं नाही बोलत. कोंडून ठेवायला आणलंय का मी तुला? मला बघवत नाही तुला अशी. तुम्ही भेटीच्या पासवर आलाय. कायमचं राहायचं तर मला आत्ताच ऑफिसात सांगावं लागंल. अन् जमत नसंल तर जबरदस्ती नाही. तुम्ही दोघी आईजवळ सुखात राहा. मी वर्षातनं एकदा येईनच की."

वर्षातनं एकदा. म्हणजे यशूचा पप्पा परत फोनमधी.

"पास संपायच्या आत ठरवू," हे म्हणाले अन् ताट उचललं. मग बेसिनपाशी उभं राहून परत म्हणाले, "अगं, आपली एलआरटी गोल फिरती. बसायचं, एक फेरी मारायची, परत आपलंच स्टेशन येतंय. हरवायचं म्हटलं तरी माणूस हरवत नाही."

गोल फिरणारी गाडी

दुसऱ्या दिवशी मी यशूला फ्रॉक घातला, परत काढला, परत घातला. पाण्याची बाटली घेतली. दार लावताना किल्ली हातात आहे का तीनदा बघितलं. लिफ्टमध्ये यशूला कडेवर घेतली, म्हटलं दार मिटायचं तर आम्हा दोघींवर एकदमच मिटू दे.

स्टेशनात कार्ड टेकवलं की दोन झडपा उघडतात. मी यशूला उचलून पळतच गेले आतनं, झडपेत पाय सापडंल म्हणून. मागनं येणारी शाळेतली पोरगी हसली, पण चांगली हसली.

गाडी आली. एवढीशी, एकच डबा. आम्ही पुढं जाऊन बसलो अन् बघते तर काय, पुढं डायव्हरच नाही! केबिन बी नाही. नुसती काच. काचेपलीकडं रूळ, तेही हवेत, पुलावर. अन् गाडी निघाली की आपली आपण! माझा हात यशूच्या दंडावर एवढा घट्ट बसला की ती ओरडली.

"मम्मी, गाडी कोण चालवतंय?"

"कोण नाही."

"मग आपण चालवू?" अन् ती काचेला दोन हात टेकवून उभी राहिली, जशी तीच गाडी हाकतीय. दोन्हीकडनं इमारती अशा जवळनं जातात की बाल्कनीतले कपडे दिसतात, एका घरात तर एक म्हातारी पंख्याखाली शेंगा सोलत बसलेली दिसली. मी भीती विसरूनच गेले. तोंड उघडं टाकून बघत बसले. किती स्टेशनं गेली कळलंच नाही.

अन् तेवढ्यात यशू म्हणाली, "मम्मी, शू."

"थांब, घर आलंच."

"आत्ता!"

आईला ठाऊक असतं लेकराचं कुठलं आत्ता खरं. पुढचं स्टेशन आलं तशी उतरले. कुठलं ते बघितलं बी नाही. स्टेशनात माणूस नाही, संडासाची पाटी असंल तरी मला दिसली नाही. जिना उतरून एका इमारतीखाली आलो. तिकडं इमारतींचा खालचा मजला मोकळाच सोडतात, नुसते खांब. दोन म्हातारे सोंगट्या खेळत होते. त्यांना काय विचारणार? यशू गुडघे जुळवून नाचायला लागलेली. माझ्या डोळ्यांत पाणी. अन् तशात मला वास आला.

डाळ शिजल्याचा वास. अगदी पुरणाच्या डाळीचा नाही, जरा मातीकडं झुकणारा, पण तिची सख्खी बहीण म्हणावी असा. मी वासामागं निघाले. कोपऱ्यावर एक अरुंद दुकान, दाराला निळा अर्धा पडदा, मधनं चिरलेला. पडदा बाजूला केला तर आत एक म्हातारी बाई, पांढरा रुमाल डोक्याला बांधलेला, गोरीपान, माझ्या खांद्याएवढी.

"टॉयलेट, प्लीज," मी म्हणाले, अन् यशूकडं बोट दाखवलं.

तिनं यशूकडं बघितलं, एका झटक्यात काउंटरची फळी उचलली अन् "कम कम कम कम" करत स्वयंपाकघरातनं मागच्या संडासात नेलं. वेळेवर पोचलो. एवढंच सांगते.

तांबडी चवळी

बाहेर आलो तर आम्ही तिच्या भट्टीपाशीच उभ्या. केवढं मोठं पातेलं! त्यात तांबडी चवळी रटरटत होती. आपल्या चवळीपेक्षा बारीक, अन् रंग असा गडद की वर आलेलं पाणी डाळिंबाच्या रसासारखं. मी वाकून बघत होते. तेवढ्यात त्या आंटीनं दोन फडकी घेतली, पातेलं उचललं अन् मोरीत चाळणीवर सगळं पाणी ओतायला लागली.

आता बघा, आमच्याकडं पुरणाची डाळ शिजली की वरचं पाणी म्हणजे येळवणी. पुण्याकडं त्याला कट म्हणतात. त्याची आमटी होते, काळा मसाला घालून, झणझणीत. पोळी एकवेळ उरंल, आमटी उरत नाही. आत्याच्या घरात येळवणी सांडली तर दिवसभर ती कुणाशी नीट बोलत नाही. लहानपणापासनं कान तयार झालेत. डाळीचं पाणी मोरीत पडायचा आवाज आला अन् मी कुठं आहे, कुणाच्या घरात आहे, काय बी आठवलं नाही.

"आंटी! आंटी, येळवणी ओतू नका!"

अन् मी तिचं मनगट धरलं.

गरम पाणी उसळून माझ्याच हातावर आलं. आंटी ओरडली, "हॉट! हॉट!" यशूनं भोकाड पसरलं. आंटीनं पातेलं खाली आपटलं, माझा हात धरून नळाखाली घातला अन् तिच्या भाषेत मला भरपूर बोलली. आत्या बोलती तसंच. शब्द कळले नाहीत पण सूर कळला.

मग तिनं विचारलं, "व्हाय?"

आता काय सांगू हिला? मी पाण्याकडं बोट केलं, मग ओंजळ तोंडाला लावून दाखवली, मग भाकरी कुस्करल्यासारखं केलं. तिनं मान हलवली, गेली, अन् मला ग्लासभर थंड पाणी आणून दिलं. मी परत चवळीच्या पाण्याकडं बोट केलं. "ड्रिंक. व्हेरी गुड."

तिचे डोळे एवढे मोठे झाले. मग ती हसायला लागली. काउंटरला धरून हसली. पातेल्यात उरलेलं थोडं पाणी तिनं वाटीत घेतलं, फुंकर मारली अन् माझ्यापुढं धरलं. "ओके. ड्रिंक."

मी प्यायले. अगं आई गं! तुरट म्हणजे किती तुरट. कच्ची सुपारी चघळल्यासारखी जीभ आखडून आली. माझं तोंड बघून रडणारी यशू सुद्धा हसली.

"फर्स्ट वॉटर बिटर लाह," आंटी म्हणाली. तिकडं बोलताना मागं 'लाह' लावतातच. "आउट. सेकंड वॉटर, गुड." अन् पातेल्यात नवं पाणी घालून चवळी परत चढवली. आपण डाळ शिजवतो अन् पाणी जपतो. ही पाणी फेकून डाळ जपती. मला एवढं नवल वाटलं की काय सांगू. चूल तीच, पातेलं तेच, अन् शहाणपण अगदी उलटं.

तिनं माझ्या हाताला मलम लावलं. तिची इंग्रजी बी मोडकी, माझी बी मोडकी. पण त्याचं एक बरं असतंय. दोघीत कुणालाच लाज वाटत नाही. शेजारणीपुढं माझं तोंड उघडत नव्हतं, इथं मी काय काय बोलत होते. भिंतीवर एका माणसाचा फोटो होता. आंटीनं सांगितलं, "हजबंड. सिंगापोर मॅन. आय कम फ्रॉम जपान. नो इंग्लिश. नो चायनीज." अन् पातेल्यावर डाव वाजवून म्हणाली, "ओन्ली बीन्स."

फोटोच्या वरच्या फळीवर एक लाकडी पेटी होती, दारं उघडी, अन् आत बुद्धाची मूर्ती, वीतभर, सोनेरी. पुढं एका बशीत एक गोल केक. मी हात जोडायच्या आधीच यशूनं जोडले. आजीबरोबर रोज विहारात जाती ना. मोठ्यानं म्हणाली, "नमो बुद्धाय!"

आंटी हातातला डाव धरून तशीच उभी राहिली. मग तिनं वाटीएवढी घंटा वाजवली, त्या आवाजाची कड संपतच नव्हती, अन् तिनं बी हात जोडले. आमच्याकडं बुद्धापुढं फुलं, मेणबत्ती, अगरबत्ती. खायचं ठेवत नाहीत, पौर्णिमेला खीर करतात ती वाटायला. हिच्याकडं दिवसाचा पहिला केक त्याच्यापुढं. रीत वेगळी, पण मूर्तीचे डोळे तसेच अर्धे मिटलेले. एवढ्या लांब, समुद्र ओलांडून, ओळखीचं कोणतरी भेटलं असं झालं मला. पहिल्यांदा नीट श्वास घेतला बघा, सिंगापूरला आल्यापासनं.

मग तिनं आम्हाला दोन उंच स्टुलांवर बसवलं अन् काम दाखवलं. लोखंडी जाड तवा, त्याला गोल गोल खळगे. आपलं आप्पेपात्र असतं तसंच, पण एकेक खळगा वाटीएवढा अन् कडा सरळ. त्यात पीठ ओतलं, अंड्याचं, सरसरीत. पिठाला जाळी सुटली की एका ओळीत चवळीचं पुरण ठेवलं, पळीनं कापून, एकसारखं, एक कण इकडं तिकडं नाही. मग दुसऱ्या ओळीतला नुसता अर्धा भाग टोकदार सळईनं उचलला अन् पुरणावर उपडा घातला. टप. टप. टप. असा आवाज. कडेनं वाफ निघाली. एवढी म्हातारी बाई, पण हात कुठं थांबत नव्हता, घाई बी करत नव्हता. माझी आई भाकरी थापायची तेव्हा मी अशीच बघत बसायचे.

"इमागावायाकी," आंटी म्हणाली अन् आमच्याकडनं म्हणून घेतलं. यशूला एवढं जमलं नाही. ती म्हणाली "गावाकी". आता आमच्या घरात तेच नाव झालंय.

पहिला केक तिनं कागदात धरून मधनं मोडला. आतनं तांबडं पुरण, त्यावर वाफ. दोन्ही अर्धे यशूच्या हातात दिले अन् म्हणाली, "वन, यू. वन, मम्मी." यशूनं एक माझ्यापुढं केला, एका हातानं. "नो, नो." आंटीनं तिचे दोन्ही हात त्या तुकड्याखाली आणले. "टू हँड." मग यशूनं दोन हातांनी दिला, अगदी गंभीर तोंड करून.

चव कशी सांगू? वरचं कवच पापडासारखं पातळ मोडतं, खाली मऊ, अन् मग पुरण. आपलं पुरण तोंडात गेलं की आधी वेलदोडा येतो, मग गूळ, मग तूप, डाळीची पाळी शेवटी. इथं वेलदोडा नाही, जायफळ नाही, तूप नाही. डाळ एकटीच. गोड बी बेतानं, अन् मागनं मिठाची एक कणी. ते तुरट पाणी प्यायलेल्या जिभेवर हे पुरण आलं, अन् मी हातातल्या तुकड्याकडं बघत बसले. ती एवढी आखडू चवळी, हिनं तिला असं मऊ कसं केलं? मी चवळी काय पहिल्यांदा खात होते? पण चवळीच्या आत हे असतं हे मला माहीत नव्हतं.

अन् यशूनं सगळं खाल्लं. आल्यापासनं दोन घास भाताच्या वर न जाणारी पोरगी, बोटं चाटत होती. आंटीनं अजून एक प्रकार तिच्या तळहातावर ठेवला, तांदळाच्या पिठाचा पांढरा गोळा, आत तेच पुरण, वरनं पीठ भुरभुरलेलं. एवढा मऊ की यशूनं बोट लावलं अन् दचकून मला म्हणाली, "मम्मी, बाळाचा गाल!"

पैसे दिले, खोका बांधून घेतला. स्टेशनात आल्यावर कुठल्या बाजूची गाडी ते आठवंना. मग ह्यांचं आठवलं, गोल फिरती. जी आली त्या गाडीत बसले. खोका मांडीवर गरम होता.

घरी

हे आले तेव्हा यशू नेहमीसारखी सोफ्यामागं. मी काय सांगितलं नाही. खोका टेबलावर ठेवला होता.

ह्यांनी उघडला. "हे कुठनं आलं?"

"दुकानातनं."

"कुणी आणलं?"

"मी."

"कुठलं दुकान?"

"एलआरटीनं जायचं. मग पुढं वासावर."

हे माझ्याकडं बघतच राहिले. मग माझ्या हाताकडं. "अन् हे काय भाजलं?"

"येळवणी वाचवताना."

मी सगळं सांगायला लागले, एका दमात, पाण्याचं, मनगट धरल्याचं, आंटी कशी हसली ते. हे आधी काळजीनं ऐकत होते, मग हसायला लागले, मग डोळे पुसायला लागले. "अगं, तू जपानी बाईचं मनगट धरलंस? आईला कळलं तर तुझा सत्कार करंल ती!"

एवढं हसणं ऐकून यशू सोफ्यामागनं आली. खोक्यातला एक केक तिनं घेतला, मोडला, दोन्ही अर्ध्यांतलं पुरण बोटानं कोरून कोरून खाल्लं. एक कवच आपल्याला ठेवलं. दुसरं, थुंकीनं ओलं झालेलं, चाटूनपुसून साफ केलेलं, दोन हातांवर घेतलं अन् हळूहळू ह्यांच्यापुढं जाऊन उभी राहिली.

"पप्पा, गावाकी."

हे जमिनीवरच बसले. दोन्ही हात पुढं करून घेतलं. तिचं उष्टं कवच, पुरणाचा कण नव्हता त्यात, ते सगळं खाल्लं. अन् तिला म्हणाले, "लई भारी झालंय."

"पुरण मी खाल्लं," यशू म्हणाली.

"कळलं मला."

मी स्वयंपाकघरात गेले. उगीचच नळ सोडला.

रविवारी, तिघं

रविवारी मी पुरण घातलं. हरभऱ्याची डाळ तिकडं मिळती. येळवणीची आमटी केली, आत्यानं पिशवीत कोंबलेला काळा मसाला होताच. डबा घेतला, म्हटलं आंटीला कळू दे मी कशापायी ओरडले.

स्टेशनवर हे म्हणाले, "कुठं उतरायचं?"

"मी सांगते."

किती वर्षं राहतात हे तिथं, पण त्या स्टेशनावर कधी उतरले नव्हते. मी बी नाव सांगू शकत नव्हते, पण त्या शेंगा सोलणाऱ्या म्हातारीचं घर दिसलं की पुढच्याच्या पुढचं, एवढं डोक्यात होतं. हे माझ्या मागनं चालत होते. यशू मधे, एक हात माझ्या हातात, एक ह्यांच्या. पुढच्या काचेपाशी तिनं ह्यांना सांगितलं, "पप्पा, डायवर नाही. आपण चालवायची." ह्यांनी बी काचेला हात लावून गाडी चालवली. इंजिनिअर माणूस, डब्यातले लोक बघत होते, पण चालवली.

आंटीनं डबा उघडला, वास घेतला, वाटीत आमटी ओतली. मी खुणेनं सांगत होते, हळू, हळू. तिनं मोठा घोट घेतला. थांबली. तोंड लाल झालं, डोळ्यांतनं पाणी, खोकला. हे घाबरले, "सॉरी, सॉरी आंटी, व्हेरी स्पायसी." तिनं हातानंच ह्यांना गप केलं. नाक पुसलं. परत घोट घेतला. वाटी संपवली. मग माझ्याकडं बघून मान हलवली, सावकाश, दोनदा.

"ओके," ती म्हणाली. "युवर फर्स्ट वॉटर, नो थ्रो."

डबा परत देताना तिनं तो धुतला, पुसला, अन् त्यात चार गोळे भरून दिले. मी ह्यांच्या कानात म्हणाले, "बघा, ही बी रिकामा डबा देत नाही."

बाहेर खांबांमधल्या बाकड्यावर आम्ही बसलो. यशू ह्यांच्या मांडीवर, आपली आपण चढलेली, नाकाला पांढरं पीठ. हे रस्त्याकडं बघत म्हणाले, "भीती गेली का तुझी?"

"नाही," मी म्हणाले. "लिफ्टमध्ये अजून यशूला कडेवरच घेते. पण इथं आले ना?"

"आलीस की."

"मग उद्या ऑफिसात सांगा."

ह्यांनी यशूच्या नाकावरचं पीठ अंगठ्यानं पुसलं अन् तो अंगठा चाटला.

परत गावी

आता आम्ही सामान न्यायला आलोय. काल मी सगळ्यांना गावाकी खाऊ घालायचं ठरवलं. चवळी उकळली, पहिलं पाणी ओतायला मोरीवर गेले. आत्या दारात तांदूळ निवडत होती. पाण्याचा आवाज ऐकला अन् सूप टाकून धावत आली, माझं मनगटच धरलं.

"अगं ए, येळवणी कशाला ओततीस? डोकं फिरलंय का तुझं तिकडं जाऊन?"

मी वाटीत घेतलं अन् तिच्यापुढं धरलं. "आत्या, पी."

ती प्यायली. तोंड वाकडं केलं, पदरानं जीभ पुसली, अन् मला भरपूर बोलली. यशू हसून हसून लोळत होती. मग आत्या जवळ बसली. आप्पेपात्राशी बसून मी पीठ ओतत होते ते बघत राहिली. पहिला केक यशूनं तिला दिला, दोन हातांनी. तिनं खाल्ला. बोटं पुसली अन् परत तांदूळ निवडायला बसली.

संध्याकाळी बघते तर माझ्या उघड्या बॅगेत कपड्यांच्या मधोमध काळ्या मसाल्याच्या दोन पिशव्या. एक मागच्या वेळेएवढी. दुसरी वेगळी बांधलेली, लहान.

"ही लहान कुणाला गं आत्या?"

"त्या म्हातारीला," आत्या म्हणाली. "अन् तिला सांग, तिखट बेतानं घातलंय."